टोकाच्या ऐंशी घरांचं पाणी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात सापडेल असं हे गाव आहे. ग्रामपंचायत सदस्य, पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या आणि वस्तीतले कार्यकर्ते यांना चर्चेला घेता यावं म्हणून हे प्रकरण रचलेलं आहे. त्यामुळे गावाला नाव नाही आणि गावचे आकडे उदाहरणादाखल आहेत. कायदा, मानकं आणि मोजणीच्या पद्धती मात्र आहेत तशाच.

लोकसंख्या ३,१५०, घरं ६४०. नदीकाठच्या विहिरीतून १.८ किलोमीटर ऊर्ध्ववाहिनीने पाणी एक लाख लिटरच्या उंच टाकीत चढतं. टाकीखाली चार व्हॉल्व्ह आहेत. पहिला गावठाणाचा (२८० घरं), दुसरा बाजार रस्त्याचा (१५०), तिसरा नव्या वसाहतीचा (१३०) आणि चौथा वरच्या वस्तीचा (८० घरं, जवळपास ४०० माणसं). वाटप रोज एकदा, सकाळी. वरच्या वस्तीची तक्रार एका ओळीची होती, "आमच्याकडे पाणी येत नाही." ग्रामपंचायतीचं उत्तरही एका ओळीचं, "तुम्ही पट्टी भरत नाही." ही दोन वाक्यं वर्षानुवर्षं एकमेकांसमोर उभी होती आणि दोन्हींत तथ्य होतं, म्हणूनच कुणी मागे हटत नव्हतं.

ग्रामसभेत काय झालं

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन आल्या. सरपंचांनी सांगितलं, योजना जुनी झाली, नव्या योजनेचा प्रस्ताव वर गेलाय. ग्रामसेवकांनी (पदनाम बदललं तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं) वसुलीचा आकडा वाचला. मग आवाज चढले, जुनी भांडणं निघाली, कुणीतरी माइक बंद केला. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, उरलं ते एवढंच : "पाणीप्रश्नावर चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले."

या वाक्याने कुणावरच काही बंधन येत नाही. कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत, कोणत्या निधीतून, यातलं एकही त्यात नाही. दुसरी चूक त्याआधीच झाली होती. विषय अजेंड्यावर नव्हता, तो "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या शेवटच्या ओळीत आला. तोवर लोक उठायला लागलेले असतात आणि त्या विषयावर ग्रामसेवक कागदपत्रं काढून बसलेले नसतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. या महिला सभेकडे बहुतेक गावांत सह्यांचा कार्यक्रम म्हणून पाहतात. प्रस्तुत प्रकरणात पुढचं सगळं तिथूनच हललं.

बादली, घड्याळ आणि दोरी

पुढच्या सभेला तीन महिने होते. मधल्या काळात वस्तीतल्या दोन बचत गटांनी मोजणी करायचं ठरवलं. पहिला बेत असा, की आपणच मोजायचं आणि आकडे सभेत फेकायचे. तो बदलला हे बरं झालं. एकतर्फी मोजणीला ग्रामपंचायत पहिल्या मिनिटाला "हे तुमचे आकडे" म्हणते आणि मग सभा पाण्यावरून आकड्यांच्या खरेपणावर घसरते. म्हणून समितीच्या सचिवांना, म्हणजे ग्रामसेवकांना, अर्ज दिला : सात दिवस सकाळच्या वाटपाची मोजणी करू इच्छितो, पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांनी सोबत राहावं, रोजच्या कागदावर दोघांची सही असावी. तक्रारीचा शब्दही त्यात नव्हता. अशा अर्जाला नाही म्हणायला कारण सापडत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा का, यावर चर्चा झाली आणि तो राखून ठेवला. हा निर्णय योग्य होता. कागद मिळतच नसेल तर तो अर्ज हुकमी आहे, पण बोलणं सुरू होण्याआधीच टाकला तर ग्रामसेवक उत्तर देण्यापुरतं उत्तर देतात आणि तीस दिवस जातात. वसुलीची नोंदवही आणि ग्राम पाणीपुरवठा निधीचा हिशोब हे तसेही लोकांनी मागितल्यावर दाखवण्याचेच कागद आहेत. आधी तोंडी मागावं.

मोजणी दोन जागी झाली.

नळावर : आतून १० लिटरची खूण केलेली बादली आणि मोबाइलचं घड्याळ. चार घरं निवडली, वस्तीतलं पहिलं, शेवटचं आणि मधली दोन. एक पथ्य कटाक्षाने पाळलं. शेजाऱ्यांचे नळ रोजच्यासारखेच सुरू ठेवायचे. मोजायला माणसं आली म्हणून बाकीचे नळ बंद केले की शेवटच्या घरी धो धो पाणी येतं आणि आकडा फसवा निघतो.

टाकीवर : टाकीत पाण्याची पूर्ण उंची ४ मीटर, म्हणजे पातळी दर १० सेंटीमीटर उतरली की २,५०० लिटर गेले. पातळीदर्शक काटा मोडलेला होता, म्हणून दोरीला वजन बांधून पाण्याचा पृष्ठभाग झाकणाच्या कडेपासून किती खाली आहे ते प्रत्येक व्हॉल्व्ह उघडण्याआधी आणि बंद केल्यावर मोजलं. शिडीवर चढायचं काम कर्मचाऱ्याने केलं. त्याला सगळे अण्णा म्हणतात. खालून लिहून घेणाऱ्या ताईने चौथ्या दिवशी विचारलं, "अण्णा, आमचा नंबर रोज शेवटीच का हो?" अण्णांचं उत्तर कागदावर उतरलं नाही, पण प्रकरणाची किल्ली त्यातच होती : "तसं कुणी सांगितलं नाही ताई. माझ्या आधीचा उघडायचा तसंच मी उघडतो. गावठाणातून पहाटेच फोन सुरू होतात."

वाटपाचा क्रम कुठल्याही ठरावाने ठरलेला नव्हता. सरपंचांना तो माहीतही नव्हता. ज्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी आहे तो माणूस एकाही बैठकीला बोलावला गेला नव्हता, कारण तो मानधनावरचा कर्मचारी, त्याला काय विचारायचं!

सात दिवसांनी निघालेले आकडे

सुरुवातीला टाकी भरलेली, एक लाख लिटर. पहिले दोन व्हॉल्व्ह एकदमच उघडायचे, मग तिसरा. तिघांचं झालं की टाकीत ९० सेंटीमीटर पाणी उरायचं. म्हणजे ५६० घरांना ७७,५०० लिटर, घरामागे १३८. मग चौथा व्हॉल्व्ह ४५ मिनिटं. तेवढ्यात पातळी ३७ सेंटीमीटर उतरायची, म्हणजे सुमारे ९,२५० लिटर.

आता ८० घरांत ९,२५० वाटले तर घरामागे ११५ लिटर यायला हवेत. नळावरच्या बादलीने वेगळंच सांगितलं. वस्तीच्या पहिल्या घरी पाणी यायचं पंचविसाव्या मिनिटाला, २० मिनिटं टिकायचं, १० लिटरला दोन मिनिटं, म्हणजे एकूण १०० लिटर. शेवटच्या घरी तेहेतिसाव्या मिनिटाला यायचं, १२ मिनिटं टिकायचं, १० लिटरला चार मिनिटं. एकूण ३० लिटर. पाच माणसांच्या घरात माणशी ६. जलजीवन मिशनचं मानक माणशी ५५ लिटर आहे. उरलेलं पाणी हातपंपावरून डोक्यावर यायचं.

मग पहिली पंचवीस मिनिटं टाकीतून निघालेलं पाणी जायचं कुठे? वस्तीची लाइन ९० मिलिमीटरची, ९०० मीटर लांब. तिच्या आतला व्यास साधारण ८३ मिलिमीटर धरला तर त्या नळीच्या पोटातच सुमारे ४,९०० लिटर मावतात. लाइन रोज पूर्ण रिकामी होत होती, कारण खालच्या टप्प्यात दोन सांधे गळत होते आणि एक बंद केलेली जोडणी नीट बुजवलेली नव्हती. रोज सकाळी आधी ही नळी भरायची, मग नळाला पाणी. ९,२५० मधले ४,९०० वजा केले की ४,३५० उरतात, घरामागे ५४. बादलीचा हिशोब जुळला.

दाबाचं गणितही याच कागदावर सुटलं. टाकीचा तळ जमिनीपासून १२ मीटर उंच. वस्ती टाकीच्या जागेपेक्षा ७ मीटर चढावर. म्हणजे वस्तीच्या दृष्टीने टाकीचा तळ फक्त ५ मीटर वर आहे. टाकी भरलेली असताना वस्तीला ९ मीटरचा दाब मिळतो, ९० सेंटीमीटर उरल्यावर जेमतेम ५.९. त्यातूनच नळीचं घर्षण वजा होतं. सर्वांत उंच वस्तीला सर्वांत कमी पातळीवर पाणी सोडलं जात होतं. गावठाण सखल आहे, त्याला टाकी अर्धी असली तरी पुरेसा दाब मिळतो.

तिसरी गोष्ट अण्णांनीच सांगितली. टाकीत अर्धा मीटर पाणी उरलं की ते व्हॉल्व्ह बंद करायचे, कारण त्याखाली गढूळ येतं. टाकी कधी धुतली याची तारीख टाकीवर रंगवायची असते. इथे ती पुसट झाली होती, जी दिसत होती ती जुनी होती. धुतली नाही, कारण तळाचा वॉशआउट व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसलेला, घाण बाहेर काढायला वाटच नाही. आउटलेट तळापासून १५ सेंटीमीटर वर आहे. म्हणजे गाळाच्या भीतीने रोज ३५ सेंटीमीटर, ८,७५० लिटर पाणी टाकीतच अडकून पडत होतं. वस्तीला मिळणाऱ्या पाण्याच्या दुप्पट.

गटार आणि नळ एकाच प्रश्नाची दोन टोकं

लाइनच्या बाजूने चालत गेल्यावर (ही पायी फेरी मोजणीच्या सहाव्या दिवशी झाली, समितीचे दोन सदस्य सोबत होते) ११० मीटरचा तुकडा सांडपाण्याच्या उघड्या गटारातून जाताना दिसला. गळणारे दोन्ही सांधे याच तुकड्यात. व्हॉल्व्ह बंद झाला की लाइन रिकामी होताना आत ओढ तयार होते आणि ज्या फटीतून पाणी बाहेर जातं त्याच फटीतून गटाराचं पाणी आत येतं. रोज बंद-चालू होणाऱ्या प्रत्येक योजनेत हा धोका असतो, चोवीस तास भरलेल्या लाइनमध्ये तो फारसा नसतो.

तपासायला दोन साधनं पुरली. ऑर्थोटोल्युडिन म्हणजे ओटी चाचणीत टाकीच्या तोंडाशी क्लोरीन ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर निघालं, शेवटच्या नळावर शून्य. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, आयएस १०५०० प्रमाणे, नळावर किमान ०.२ हवं. जैविक तपासणीच्या एचटूएस बाटल्यांत टाकीचं पाणी ४८ तासांनी जसंच्या तसं राहिलं, शेवटच्या नळाची बाटली काळी पडली, म्हणजे ते पाणी दूषित. दोष टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्यात नव्हता, लाइनमध्ये होता. एक लाख लिटरला ५०० ग्रॅम टीसीएल (हजार लिटरला ५ ग्रॅम) रोज पडतच होतं. नमुना घेताना मात्र एक चूक होता होता टळली. पाणी आल्यावर दहा मिनिटांनी घेतलेला नमुना तुलनेने बरा निघतो, कारण पहिल्या धारेत गटाराचा अंश वाहून गेलेला असतो. म्हणून दोन्ही नमुने घेतले, पहिल्या धारेचा आणि दहा मिनिटांनंतरचा, आणि बाटल्यांवर वेळ लिहिली.

आता अवघड भाग. त्या गटारात पाणी येत होतं कुठून? वस्तीतल्याच २३ घरांच्या सेप्टिक टाक्यांची सांडपाण्याची नळी थेट गटारात सोडलेली. शोषखड्डा कुणी केलाच नव्हता. शिवाय सहा घरांत नळाला थेट मोटर लावलेली निघाली. म्हणजे तक्रारदार वस्तीचंही बिंग फुटलं. दोन-तीन जणांनी हे आकडे कागदावरून काढायचं सुचवलं. गटातल्या बायकांनी ठेवले. हे चांगुलपणाने केलं की हिशोबाने, याला महत्त्व नाही. समोरच्या बाजूच्या सदस्याला ते कधी ना कधी दिसणारच होते आणि सभेत त्याने ते काढले असते तर बाकीचे सगळे आकडे वाया गेले असते.

पट्टीचा हिशोब

पाणीपट्टी घरटी १,२०० रुपये, वर्षाची मागणी ७,६८,०००. भरणारी घरं २४४, वसुली २,९२,८००, म्हणजे ३८ टक्के. खर्च : लाइट बिल १,०५,०००, कर्मचाऱ्याचं मानधन ९६,०००, टीसीएल ८,०००, दुरुस्ती १,१०,०००. एकूण ३,१९,०००. तूट २६,२००.

वस्तीतली १९ घरं भरतात, ६१ भरत नाहीत. म्हणजे वस्तीची थकबाकी ७३,२००. गावाची एकूण थकबाकी ४,७५,२००. ग्रामसभेत बोट वस्तीकडे होतं, पण थकबाकीतला तिचा वाटा जेमतेम १५ टक्के होता. हा आकडा सभेत कसा मांडायचा यावर बराच खल झाला. "तुम्हीच थकबाकीदार" असा मांडला असता तर गावठाणाने कान बंद केले असते. शेवटी तो सरपंचांना आधी, खासगीत दाखवला. सभेत लोकांसमोर नवी माहिती कळण्याची पाळी सरपंचावर आणू नये, हे लिखित नियमांत कुठे नाही, पण न पाळल्यास ठराव फसतो. सरपंचाचं राजकारण त्या सभेत पणाला लागलेलं असतं.

मागण्यांची चाळण

मोजणीनंतर वस्तीची मूळ मागणी, "पुरेसं पाणी द्या", तशी मांडण्यात अर्थ उरला नाही. तिचे तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्याचा निर्णय कोण घेऊ शकतो त्यानुसार ते वेगळे केले.

अण्णा आणि समिती उद्यापासून करू शकतील असं : चौथा व्हॉल्व्ह सगळ्यांत आधी, टाकी भरलेली असताना, ६० मिनिटं. व्हॉल्व्हची नोंदवही, त्यात उघडण्याची वेळ, बंद करण्याची वेळ, पातळी.

ग्रामपंचायत महिनाभरात करू शकेल असं : वॉशआउट व्हॉल्व्ह बदलणं, टाकी धुणं, दोन सांधे आणि नीट न बुजवलेली जोडणी दुरुस्त करणं. खर्च ग्राम पाणीपुरवठा निधीतून.

आराखड्यात बसवावं लागेल असं : ११० मीटर लाइन गटारातून उचलून रस्त्याच्या दुसऱ्या कडेने टाकणं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर पैसा असूनही खर्च टाकता येत नाही. म्हणून "लाइन बदला" असं म्हणण्याऐवजी "आराखड्यात हे काम घ्या" असा ठराव लागतो. इथेच पुष्कळ वस्त्या एक वर्ष गमावतात.

गावाच्या हातात नसलेलं : माणशी ५५ लिटर द्यायला रोज १,७३,२५० लिटर लागतील. पंप तासाला १९,८०० लिटर देतो, म्हणजे पावणेनऊ तास वीज हवी. पंप शेती फीडरवर आहे, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, प्रत्यक्षात साडेसहा तास हाती लागतात. हे वीज कंपनीकडे आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे न्यायचं प्रकरण. ते ग्रामसभेत मुख्य मागणी म्हणून मांडलं असतं तर "वर पाठवतो" एवढ्यावर सगळंच मिटलं असतं.

वस्तीने स्वतः करायचं : सहा मोटरी काढणं, २३ शोषखड्डे, आणि क्रम बदलल्याच्या महिन्यापासून चालू वर्षाची पट्टी.

गावठाणाचा विरोध येणार हे उघड होतं. वस्तीला ९,२५० ऐवजी १५,५०० लिटर जाणार, म्हणजे ६,२५० लिटर जास्त. ते कुणाच्या वाट्यातले? इथे टाकी धुण्याचं काम आणि क्रम बदलण्याचं काम एकमेकांना बांधलं. गाळातून सुटणारे ८,७५० लिटर हे वाढीव ६,२५० पेक्षा जास्त आहेत. म्हणून ठरावाची अटच अशी घातली की आधी टाकी धुवायची, मग क्रम बदलायचा. वस्तीतल्या तरुणांना ही अट पटली नाही, आणखी पंधरा दिवस कशाला थांबायचं म्हणून. पण टाकी न धुता क्रम बदलला असता तर पहिल्याच सकाळी नव्या वसाहतीचे नळ लवकर आटले असते आणि ठराव तिथेच मेला असता.

ठराव

महिला सभेत विषय आधी मांडला गेला. ग्रामसभेच्या अजेंड्यावर तो चौथ्या क्रमांकावर आला, कारण सात दिवसांची नोटीस निघण्याआधीच लेखी मागणी दिली होती. चर्चा चाळीस मिनिटं चालली. मजकूर वस्तीने आधीच लिहून नेला होता, तो थोड्या फरकाने असा उतरला :

"टाकीचा वॉशआउट व्हॉल्व्ह बदलून टाकी १५ दिवसांत धुण्यात यावी व दिनांक टाकीवर लिहावा. त्यानंतर वाटपाचा क्रम ४, ३, २, १ असा राहील. व्हॉल्व्ह क्रमांक ४ दररोज ६० मिनिटे. पाणीपुरवठा कर्मचारी नोंदवही ठेवतील, समितीच्या दोन महिला सदस्य दर शनिवारी तपासून सही करतील. खर्च ग्राम पाणीपुरवठा निधीतून. लाइन स्थलांतराचे काम विकास आराखड्यात घेण्यात यावे. जबाबदारी : ग्रामसेवक व समिती अध्यक्ष. आढावा : ३० दिवसांनी समितीच्या सभेत." खाली सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल आठ दिवसांत मागून घेतली. प्रोसिडिंग घरी नेऊन लिहायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि लिहिताना "६० मिनिटे" चं "पुरेसा वेळ" होऊ शकतं.

अंमलात काय बिघडलं

टाकी पंधराऐवजी चोवीस दिवसांनी धुतली गेली. टाकी १०० मिलिमीटर व्हॉल्व्हची होती आणि आणला गेला ८० चा. आकार उतरवून घेताना फ्लँजवरची भोकं मोजली नव्हती. टाकीत उतरण्याआधी झाकणं उघडी ठेवून हवा खेळू द्यायची, आत दोघं, बाहेर एक, कमरेला दोर, हे पाळलं. गाळ निघाल्यावर भिंती टीसीएलच्या द्रावणाने धुतल्या आणि पहिलं पाणी वॉशआउटने सोडून दिलं.

क्रम बदलल्याच्या तिसऱ्या आठवड्यात अण्णा चार दिवस रजेवर गेले. बदली माणसाने जुन्याच क्रमाने व्हॉल्व्ह उघडले. त्याला ठराव कुणी सांगितलाच नव्हता. वस्तीत लगेच "बघा, फसवलं" सुरू झालं. नोंदवहीत त्या चार दिवसांची पानं कोरी दिसली म्हणून खरं कारण शनिवारीच कळलं. त्यानंतर क्रम आणि मिनिटं व्हॉल्व्ह चेंबरच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहिली गेली. एवढं साधं काम पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात टाकी पाच तासांत भरून ओसंडायची, टाकीखाली कायमचा चिखल. टाकी पंपापासून दूर, त्यामुळे फ्लोट स्विचची तार ओढणं परवडणारं नव्हतं. स्टार्टरला पाच तासांचा टायमर बसवला. तरी टाकी ओसंडलीच. लाइट मध्ये गेली की साधा टायमर पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. चालू तासांची बेरीज धरून ठेवणारा टायमर लागतो, हे दुसऱ्या खरेदीत कळलं.

मोटरींचं प्रकरण अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. वस्तीने आपल्या सहा आधी काढल्या आणि मग समितीने गावठाणातल्या मोटरधारकांना नोटिसा दिल्या. उलट क्रमाने हे जमलं नसतं.

शोषखड्ड्यांनी मात्र घाम काढला. नांदेड जिल्ह्यात गाजलेल्या मॅजिक पिटसारखा चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा बहुतेक घरांना पुरतो, असं गृहीत धरून काम सुरू झालं. तसा खड्डा मुख्यतः स्वयंपाक-अंघोळीच्या सांडपाण्यासाठी आहे. सेप्टिक टाकीच्या पाण्याला गाळ अडवणारा कप्पा आणि जास्त शोषण क्षेत्र लागतं. त्यात वस्तीचा खालचा भाग काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती माती फुगते आणि पाणी पीतच नाही. तिथले पाच खड्डे पहिल्या पावसातच तुंबले. खोदण्याआधी एक साधी चाचणी करता आली असती : फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून, मुरू देऊन, पुन्हा भरायचा आणि पातळी किती वेळात उतरते ते घड्याळ लावून पाहायचं. तासन् तास पाणी तसंच राहिलं तर तिथे शोषखड्डा करू नये.

सहा महिन्यांनंतर

चौथा व्हॉल्व्ह पहिला उघडतो, ६० मिनिटांत पातळी ६२ सेंटीमीटर उतरते. सांधे दुरुस्त झाल्याने लाइन बऱ्यापैकी भरलेली राहते आणि शेवटच्या घरी पाणी सातव्या मिनिटाला पोचतं. तिथे १० लिटरला ३ मिनिटं ४० सेकंद लागतात, एकूण सुमारे १४५ लिटर, माणशी २९. ५५ च्या निम्मं, आधीच्या जवळपास पाचपट. शेवटच्या नळावर क्लोरीन ०.२ येतं, पण पावसाच्या दिवसांत दोनदा शून्य आलं, कारण लाइन अजून गटारातच आहे. स्थलांतराचं काम आराखड्यात आलंय, अंदाजपत्रक पंचायत समितीच्या उपअभियंत्याकडे आहे. तोवर गटारातला तुकडा विटांच्या ओट्यांवर उचलून ठेवलाय, जेणेकरून नळी पाण्यात बुडून राहू नये. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा करतो त्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला पिवळं कार्ड मिळालं. हिरव्यासाठी हा तुकडा आणि विहिरीभोवतीचा ओटा, दोन्ही व्हायला हवेत.

वस्तीतली ८० पैकी ५७ घरं चालू वर्षाची पट्टी भरतात. जुनी थकबाकी हप्त्याने घ्यायची की कशी, हे ठरलेलं नाही. संध्याकाळच्या दुसऱ्या वाटपाचा विषय अण्णांच्या मानधनावर अडलाय. दिवसाच्या लाइटच्या आठवड्यात टाकी दुसऱ्यांदा भरता येईल, पण तेवढे तास काम वाढवायचं तर महिन्याला अडीच हजार जास्त लागतील, आणि ते वसुली ५० टक्क्यांवर गेली तरच देऊ असं सदस्य म्हणतात. वसुली सध्या ४४ वर आहे.

२३ पैकी १४ सेप्टिक टाक्यांचं पाणी गटारात जायचं थांबलं. राहिलेल्या नऊपैकी पाच काळ्या मातीतल्या, चार घरांना अंगणच नाही. या नऊ घरांसाठी एकत्र झाकलेली नळी आणि वस्तीच्या खालच्या बाजूला सामायिक शोषण क्षेत्र, असा प्रस्ताव स्वच्छतेच्या बंधित निधीतून पुढच्या आराखड्यासाठी लिहिला जातोय. जागा गावठाणातल्या एका खातेदाराच्या बांधाला लागून आहे आणि त्याची संमती अजून आलेली नाही.